उसना वेग

गेल्या मे महिन्यात नातू सुट्टीसाठी बेंगळुरूहून धारवाडला आला होता. माळमड्डीतल्या आमच्या जुन्या घरात उन्हाळ्याच्या दुपारी मुलांना करण्याजोगे फारसे काही नसते. एके दिवशी तो संगणकावर विमानयुद्धाचा खेळ घेऊन बसला आणि मी सुपारी कातरीत त्याच्या शेजारी. पडद्यावर दोन इंजिनांचे, करड्या रंगाचे, माशासारख्या निमुळत्या तोंडाचे विमान धावपट्टीवर उभे होते. तरुणपणी युद्धेतिहासाची पुस्तके हावरेपणाने वाचलेली असल्यामुळे मी ते लगेच ओळखले. जर्मनीचे मेसरश्मिट २६२, प्रत्यक्ष लढाईत उतरलेले जगातले पहिले जेट लढाऊ विमान.

"हे साधं नव्हे, अज्जा," नातू म्हणाला, "याच्या शेपटीत रॉकेट आहे."

त्याने एक कळ दाबली. विमानाच्या मागे ज्वाळेचा लोळ उठला, क्षितिज खाली घसरले आणि उंचीचे आकडे इतक्या झपाट्याने पळू लागले की ते वाचताही येईनात. खूप वर बॉम्बफेकी विमानांचा थवा चालला होता. त्यांच्या पातळीला पोहोचेपर्यंत अग्निबाणाचे इंधन संपले, पण तोवर त्याचे काम झालेले होते. मग मला सांगण्यात आले, "आता तुम्ही चालवून बघा." मी थ्रॉटल एकदम पुढे ढकलला आणि डावे इंजिन पेटले. दुसऱ्या खेपेस वर गेलो, इंधन उधळले, आणि परतताना धावपट्टीच्या अलीकडेच माळावर आदळलो. नातू हसून म्हणाला, "काही नाही, पुन्हा सुरू करा." त्या 'पुन्हा'पाशी माझे मन अडकले. खेळात जे एका कळीने परत मिळते, त्याची प्रत्यक्षात काय किंमत मोजावी लागली होती, हे त्या मुलाला सांगावे असे वाटले. प्रस्तुत लेख हा त्या सांगण्याचाच थोडा विस्तार आहे.

आरंभ घरापासूनच करू. रॉकेटला आपण अग्निबाण म्हणतो, आणि बखरींतून व पत्रव्यवहारांतून नुसता 'बाण' म्हटले तरी पुष्कळदा हेच शस्त्र अभिप्रेत असते. मराठी फौजांत बाणदार असत. टिपूच्या सैन्यात तर त्यांची स्वतंत्र पथके होती. १७९० च्या शरदात परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालून बसले आणि बदरुज्जमानखानाने तो १७९१ च्या एप्रिलपर्यंत झुंजवला, तेव्हा बाण जाणणाऱ्या दोन फौजा याच भूमीवर समोरासमोर होत्या. आपल्यापैकी काही घराणी त्या स्वारीच्या निमित्ताने इकडे आली व इथलीच झाली. म्हैसूरच्या बाणाचा विशेष काय होता? त्याची नळी लोखंडाची होती. कागदाच्या वा बांबूच्या नळीपेक्षा लोखंडी नळीत दारूचा दाब अधिक पेलला जाई आणि बाण दूरवर जाई. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ते बाण इंग्लंडला गेले, आणि तिथे विल्यम काँग्रीव्हने त्यांच्यावरून आपले अग्निबाण सिद्ध केले. तेव्हा हे ध्यानात ठेवावे, की बाणाची करामत दारूइतकीच धातूची होती.

आता जर्मनीकडे वळू. मेसरश्मिट २६२ ने १८ जुलै १९४२ रोजी केवळ जेटच्या जोरावर पहिले उड्डाण केले. जर्मनांनी त्याला 'श्वाल्ब', म्हणजे पाकोळी, असे नाव दिले होते. ताशी सुमारे ८७० किलोमीटर वेग आणि नाकात ३० मिलिमीटरच्या ४ तोफा. त्या काळच्या पंखेवाल्या विमानांना ते सरळ उड्डाणात गाठताच येत नसे. तरीही त्याचा जीव इंजिनापाशी अडलेला होता. जेट इंजिनाच्या तप्त भागांना निकेल, कोबाल्ट, क्रोमियम असे धातू मिसळलेले पोलाद लागते, आणि युद्धाने कोंडलेल्या जर्मनीपाशी त्यांचा तुटवडा होता. युंकर्स कारखान्याच्या 'युमो ००४' या इंजिनात म्हणून साध्या पोलादावर ॲल्युमिनियमचा लेप देऊन वेळ निभावून नेली गेली. परिणामी ते इंजिन १० ते २५ तास चालले की बाद होई. थ्रॉटल घाईने पुढे केला तर ते पेटे किंवा बंद पडे. खेळात माझे इंजिन जळाले ते खेळ रचणाऱ्याच्या लहरीने नव्हे. इतिहासातले ते दुखणे त्याने इमानाने उतरवले होते.

१९४३ पासून अमेरिकी बॉम्बफेकी विमानांचे थवे दिवसाढवळ्या जर्मनीवर येऊ लागले. साध्या मेसरश्मिट २६२ ला त्यांच्या उंचीला पोहोचण्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागे, आणि इशारा मिळून शत्रू डोक्यावर येईपर्यंतचा अवधी तर आखडत चालला होता. यावर उपाय म्हणून 'हाइमाटश्युत्सर', म्हणजे मायभूमीचा रक्षक, या नावाची योजना निघाली. जेट विमानाच्याच शेपटीत वाल्टर कंपनीचे अग्निबाण इंजिन बसवायचे, चढताना ते पेटवायचे, आणि वर गेल्यावर जेटच्या बळावर लढायचे. या इंजिनाची दोन इंधने वेगवेगळ्या टाक्यांत ठेवावी लागत. एक तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड, दुसरे मिथेनॉल व हायड्रेझीन हायड्रेट यांचे मिश्रण. दोन्ही एकत्र येताच ठिणगीवाचून पेट घेत. पेरॉक्साइड अंगावर सांडले तर कातडी जाळी. अग्निबाणाचा जोर सुमारे १,७०० किलोग्रॅमचा होता, पण तो काही मिनिटेच टिके, आणि मग त्याच्या रिकाम्या टाक्यांचे व यंत्राचे ओझे विमानाला परतेपर्यंत वाहावे लागे.

असे विमान प्रत्यक्षात किती वेळा उडाले? पहिल्या नमुन्याने जेट व अग्निबाण एकत्र पेटवून २७ फेब्रुवारी १९४५ रोजी लेखफेल्ड येथे उड्डाण केले. दुसरा नमुना वेगळ्या रचनेचा होता. त्याच्या प्रत्येक जेट इंजिनाच्या मागच्या भागावर एक लहान अग्निबाण बसवलेला होता. २६ मार्च १९४५ रोजी ते दोन्ही अग्निबाण पेटवून तो एकदाच उडाला. मे महिन्यात जर्मनी शरण आली. नातवाने एका दुपारी जितकी उड्डाणे केली, तितकी या दोन विमानांच्या वाट्याला एकत्र अग्निबळावर आली असतील की नाही, याची शंकाच आहे.

आणि ही विमाने बांधली कोणी? हे त्या पडद्यावर कुठेच दिसत नाही, म्हणून ते सांगणे मला सर्वांत आवश्यक वाटले. बॉम्बवर्षावापासून कारखाने वाचवण्यासाठी जर्मनांनी ते भुयारांत नेले. ऑस्ट्रियातील सांक्ट गेऑर्गेन येथे 'बेर्गक्रिस्टाल' नावाचे प्रचंड भुयार गुझेन छळछावणीच्या बंदिवानांकडून खोदवून घेण्यात आले, आणि त्यातच मेसरश्मिट २६२ चे सांगाडे त्यांच्याकडून घडवले जात. पोलिश, रशियन, ज्यू आणि इतर अनेक देशांचे ते लोक. उपासमार, मारहाण आणि दगडाची धूळ यांनी त्यांतले हजारो तिथेच संपले. 'मायभूमीचा रक्षक' या नावामागे मायभूमीतून ओढून आणलेल्या या माणसांचे हात होते. यंत्राचे कौतुक जरूर करावे, पण हे वाक्य गाळून करू नये. मी हे सांगितले तेव्हा नातवाने खेळ थांबवला आणि विचारले, "मग ते शिकणारे शास्त्रज्ञ सगळे वाईट होते काय?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर देण्यासाठी मला गडहिंग्लजकडे यावे लागले.

गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपू हे गाव आपल्या बेळगाव-संकेश्वर वाटेपासून फार दूर नाही. तिथे १९०८ साली विष्णु माधव घाटगे यांचा जन्म झाला. पुढे ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली १९३६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचे गणित प्रांटलनी १९०४ मध्ये मांडले होते. आधुनिक विमानशास्त्राचा मोठा भाग त्या पायावर उभा आहे. जे ज्ञान मेसरश्मिटच्या कारखान्यात वापरले गेले, तेच घाटगे परत घेऊन आले. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या साह्याने डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. घाटगे तिथे दाखल झाले व भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी हा विषय शिकवलाही. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले 'एचटी-२' ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. भारतात आखलेले व बांधलेले हे शिकाऊ विमान दिसायला अगदी साधे. एक पंखा, पुढेमागे दोन आसने आणि १५५ अश्वशक्तीचे इंजिन. त्यावर मुले उडायला शिकली. पुढे १९६४ मध्ये घाटग्यांच्याच मार्गदर्शनाखाली 'किरण' हे जेट शिकाऊ विमान आले. 'सूर्यकिरण' पथकाच्या कसरती ज्यांनी २०११ पूर्वी पाहिल्या, त्यांनी ते पाहिलेले आहे.

याच कारखान्यात दुसरा एक जर्मन धागा येऊन मिळाला. ज्या १९५६ साली धारवाड मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात आले, त्याच वर्षी डॉ. कुर्ट टांक बेंगळुरूला आले. ते मेसरश्मिटच्या प्रतिस्पर्धी फोके-वुल्फ कंपनीचे नामांकित अभिकल्पक. युद्धानंतर ते अर्जेंटिनात होते. त्यांच्या नेतृत्वाखाली 'मरुत' या मागे झुकलेल्या पंखांच्या लढाऊ जेटची आखणी झाली. आधी त्याच आकाराचे लाकडी, बिनइंजिनाचे विमान करून १९५९ पासून ते दुसऱ्या विमानाने ओढून वर नेले जाई व सोडून देऊन पारखले जाई. जून १९६१ मध्ये सुरंजन दास यांनी खरे मरुत प्रथम उडवले.

पंख उत्तम होते. इंजिन मात्र मिळाले नाही. मरुत ज्या वाढीव शक्तीच्या ब्रिटिश ऑर्फियस इंजिनासाठी आखले होते, त्याचे काम पैशांअभावी थांबले आणि मूळच्या कमी जोराच्या ऑर्फियसवर भागवावे लागले. ध्वनीच्या वेगापलीकडे जाण्याचा हेतू अपुरा राहिला. इजिप्तमध्ये फर्डिनांड ब्रांडनर यांच्या देखरेखीखाली बनत असलेले इंजिन एका मरुतवर १९६७ मध्ये बसवूनही पाहिले गेले. हे ब्रांडनर पूर्वी त्याच युंकर्स कारखान्यात होते! तोही प्रयत्न तडीस गेला नाही. मग ऑर्फियसच्या मागे पुन्हा इंधन जाळून जोर वाढवण्याचे प्रयोग झाले. १० जानेवारी १९७० रोजी अशाच विमानाच्या चाचणीत, उड्डाण घेताना अपघात होऊन ग्रुप कॅप्टन सुरंजन दास मृत्यू पावले. तिथे 'पुन्हा सुरू करा' असे म्हणणारी कळ नव्हती. १९७१ च्या युद्धात मात्र मरुतने राजस्थान सीमेवर आपले काम चोख बजावले.

लोखंडी नळी, निकेलवाचूनचे युमो, इंजिनाविना मरुत, या तिन्हींतून मला एकच गोष्ट दिसते. अग्निबाण उसना वेग देतो. उसने घेणे कधी कधी अपरिहार्य असते. आपल्या घरांतही ते घडले आहे. पण उसन्यावर संसार चालत नाही. धातू, भट्टी, पात्यांचे घडाईकाम हे वर्षानुवर्षांचे, कंटाळवाणे आणि खर्चाचे काम आहे. ते टाळून वेग मिळत नाही. माणसांना भरडून तो मिळवण्याचा प्रयत्न जर्मनीने केला, आणि हाती दोन नमुने आले. घाटग्यांनी आधी ओढून उडवण्याची ग्लायडर, मग शिकाऊ विमान, मग जेट असा हळू रस्ता धरला. त्यांची किरण विमाने दशकानुदशके वैमानिक घडवीत राहिली. नातवाच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच होते, की गणित दोघांचे एकच होते, ते कोणाच्या पाठीवर उभे केले यात फरक पडला.

घाटगे ६ डिसेंबर १९९१ रोजी निवर्तले. मरुतचे एक विमान म्युनिकजवळच्या श्लाइसहाइम येथील संग्रहालयात ठेवलेले आहे. जर्मन विद्येने इथे घडवलेले विमान अशा रीतीने तिच्याच दारी परतले. दुसरे एक बेंगळुरूला एचएएलच्या वारसा संग्रहालयात आहे. दसऱ्याच्या सुट्टीत नातवाबरोबर ते पाहायला जाण्याचे ठरले आहे. खेळ त्याने बंद केलेला नाही, आणि मीही त्याला तसे सांगितले नाही. फक्त परवा फोनवर तो म्हणाला, "अज्जा, आता मी एचटी-२ शोधतोय. पण ते त्या खेळात नाहीच."