हॅकेनसॅकमधला एक दिवस : कोल्ट्रेनची पहिली ध्वनिमुद्रिका

टेनर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची स्वतःच्या नावावरची पहिली ध्वनिमुद्रिका ३१ मे १९५७ रोजी, एकाच दिवसात, न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक इथे मुद्रित झाली. प्रेस्टिज कंपनीने काढलेल्या या तबकडीचे नाव नुसतेच 'कोल्ट्रेन'. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. त्याच्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या टेनरवादक सनी रोलिन्सची 'सॅक्सोफोन कोलोसस' आदल्याच वर्षी मुद्रित झाली होती.

या उशिरामागे हेरॉइन आणि दारू होती. १९५५ पासून तो ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकात वाजवत असे. व्यसनापायी एप्रिल १९५७ मध्ये तिथून बाहेर पडावे लागले. मग फिलाडेल्फियात आईच्या घरी राहून त्याने दोन्ही व्यसने सोडली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत ही तबकडी झाली आणि तिचे खरे मोल या तारखेतच आहे.

शैली हार्ड बॉपची. बीबॉप या आधीच्या जॅझशैलीचा वेग आणि स्वरसंगतींची गुंतागुंत कायम ठेवून तिच्यात ब्लूज आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गायनाचा रंग मिसळण्याचे काम ड्रमवादक आर्ट ब्लेकी, पियानोवादक होरेस सिल्व्हर यांनी १९५४-५५ च्या सुमारास केले. आधी सुषिर वाद्यांनी मिळून धून मांडायची, मग एकेकाने आपापला विस्तार करायचा आणि शेवटी धुनेवर परतायचे, हा तिचा नेहमीचा साचा.

स्टुडिओ म्हणजे रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घरातली बैठकीची खोली. दिवसा तो डोळे तपासून चष्म्याचे नंबर देई आणि उरल्या वेळात जॅझ मुद्रित करी. त्या दिवशी ट्रम्पेटवर जॉनी स्प्लॉन, बॅरिटोन सॅक्सोफोनवर साहिब शिहाब, बासवर पॉल चेंबर्स होते. पियानोवर तीन रचनांना रेड गार्लंड, उरलेल्या तिन्हींना मॅल वॉल्ड्रन. ड्रमवर बसलेल्या अल्बर्ट हीथचा तो बाविसावा वाढदिवस होता आणि हे त्याचे पहिलेच ध्वनिमुद्रण.

सुरुवातीची 'बकाई' ही फिलाडेल्फियातला मित्र कॅल मॅसीची रचना. या अरबी शब्दाचा अर्थ आक्रोश. १९५५ मध्ये मिसिसिपीत गोऱ्यांनी ठार मारलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिलसाठी ती लिहिलेली. बॅरिटोनच्या जड, घुमणाऱ्या स्वरांनी ती उघडते आणि अंगावर येते. 'स्ट्रेट स्ट्रीट' आणि 'क्रॉनिक ब्लूज' या कोल्ट्रेनच्या स्वतःच्या रचना.

द्रुत रचना उत्तम आहेत, पण त्या काळच्या चांगल्या हार्ड बॉपच्या फार पुढे जात नाहीत. तबकडीचा जीव आहे तो संथ गाण्यांत. 'व्हायोलेट्स फॉर युवर फर्स'मध्ये कोल्ट्रेन धून जवळजवळ जशीच्या तशी म्हणतो; कंप अगदी थोडा, स्वर सरळ आणि स्थिर, कुठे घाई नाही. 'व्हाइल माय लेडी स्लीप्स'च्या अगदी शेवटी एकाच फुंकरीतून एकाहून अधिक स्वर ऐकू येतात. ही युक्ती पियानोवादक थेलोनियस मंकने दाखवली, असे कोल्ट्रेनने पुढे सांगितले. त्याच उन्हाळ्यात तो न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट'मध्ये मंकच्या साथीला उभा राहिला आणि १५ सप्टेंबरला पुन्हा हॅकेनसॅकच्या त्याच खोलीत आला. या वेळी कंपनी होती ब्लू नोट आणि तबकडी 'ब्लू ट्रेन'.