वरसाव्याचं गाजर गवत आणि अमेरिकन गव्हाची गोष्ट

वरसावे नाक्यावरून ठाण्याकडे वळताना रस्त्याकडेच्या भरावाच्या मातीवर बारीक पांढऱ्या फुलांची, कमरेएवढी झुडपं दिसतात. कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "काँग्रेस गवत. अमेरिकेने सडक्या गव्हातून पाठवलं."

आधी ओळख पटवू. गाजरासारखी कातरलेली पानं, खोडावर उभ्या रेषा आणि लव, फांद्यांच्या टोकांना साबुदाण्याएवढ्या फुलांचे झुपके. हेच गाजर गवत, म्हणजे पार्थेनियम. हे खरं तर गवतच नाही, झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातलं झुडूप आहे. लांब दांड्यावर एकच फूल, मध्ये पिवळं, अशी दिसली तर ती एकदांडी. तिचा पाला आपण लहानपणी खरचटल्यावर चोळायचो. तीही मूळची अमेरिका खंडातलीच, पण तिला कोणी शिव्या देत नाही!

आता गव्हाची गोष्ट. पार्थेनियम पुण्यात नजरेत भरलं १९५५ मध्ये आणि १९५६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद छापून आली. पण 'पीएल ४८०' खाली गहू घेण्याचा भारताचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे झाड आधी, करार नंतर! अमेरिकन गहू १९५१ च्या कर्जातूनही आला होता, त्यामुळे बी धान्यातून आलं असेलही. पण १८१४ च्या कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या यादीतसुद्धा याचं नाव आहे. एकट्या 'पीएल ४८०'वर खापर फोडता येत नाही.

आणि बी आलं कुठूनही असो, देशभर पसरवलं कोणी? एका झाडाला हजारो बिया. त्या चिखलातून, टायरला चिकटून, भरावाच्या मातीतून आणि वाळू-खडीच्या डंपरमधून फिरतात. ठाणे, मुंबई आणि अहमदाबादचे रस्ते जिथे मिळतात, त्या नाक्याला आणखी काय हवं?

१९८४ मध्ये बंगळुरूला यावर मेक्सिकन भुंगे सोडले. ते पानं फस्त करतात, पण झाड संपलेलं नाही. अंगाला खाज, पुरळ, दम्याचा त्रास चालूच आहे.

म्हणून पावसात माती ओली असताना, फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून मुळासकट उपटा. आणि आपल्या सोसायटीत भरावाची माती येईल तेव्हा एवढं तरी विचारा: ही कुठून आणली?

सत्तर वर्षं अमेरिकेला दोष देऊन झाला. आता आपल्या डंपरकडेही बघू.