एका ओळींत अनेक काल : जंत्रीच्या वाचनाविषयीं कांहीं विचार

कुंडल हें आज सांगली जिल्ह्यांत मोडतें. परंतु 1948 सालीं औंध संस्थान विलीन होईपर्यंत तें त्या संस्थानांतील एका तालुक्याचें ठाणें होतें. या टापूंतील जुनें दफ्तर उघडणारास पहिली अडचण कालाची येते. वसुलाच्या कागदावर मृगापासून सुरू होणारा सुहूर सन व मुसलमानी महिन्याचा चंद्र, धर्मकृत्याच्या कागदावर शक, संवत्सर, तिथि व वार, आणि इंग्रजी पत्रांत इसवी तारीख, असे अनेक प्रवाह एकाच वेळीं वाहत असतात.

हे सर्व प्रवाह एका दृष्टिक्षेपांत आणण्याचें साधन म्हणजे जंत्री. उभ्या रकान्यांत एकेक गणना आणि आडव्या ओळींत एकच काल, ही तिची मांडणी. शंकर बाळकृष्ण दीक्षित व सेवेल यांच्या 1896 सालच्या ग्रंथांत तर वर्षास एक ओळ पुरते. स्वामिकन्नू पिल्ले यांचीं कोष्टकें व गणेश सखाराम खरे यांची शिवकालीन जंत्री यांचाही संशोधकांस मोठाच आधार आहे.

तथापि जंत्रीचा खरा उपयोग तारीख काढण्यापुरता नाहीं. रकाने परस्परांचे साक्षीदार आहेत. तिथि, तारीख व वार यांपैकीं एक चुकला तर बाकीचे त्याची चूक दाखवितात. मात्र येथें घाई नडते. जेधे शकावलींत राज्याभिषेक शके 1596, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध 12, शुक्रवारीं, तीन घटिका रात्र असतां झाल्याची नोंद आहे. उलट परंपरेंत शुद्ध 13 मानितात, आणि जुन्या पद्धतीची 6 जून 1674 ही तारीख शनिवारची. हा विरोध नव्हे. आपला वार सूर्योदयीं पालटतो, इंग्रजी मध्यरात्रीं, हिजरी सूर्यास्तास. सूर्योदयास तीन घटिका, म्हणजे 72 मिनिटें, उरलीं असतां आपला शुक्रवार संपलेला नव्हता, इंग्रजी शनिवार मात्र लागला होता.

म्हणून केवळ वार जुळत नाहीं एवढ्यावरून कोणताही कागद बनावट ठरवून टाकूं नये. आधीं घटका पाहावी. तसेंच नक्कल करितांना मितीचे सर्व अवयव जसेच्या तसे उतरावे. केवळ इसवी तारीख लिहून ठेविली, तर पुढील संशोधकापासून त्या कागदाचे साक्षीदारच हिरावून घेतल्यासारखें होईल.