बोरघाटातला पूल : कोसळेपर्यंतचा घटनाक्रम

१७ वर्षे ११ महिने आधी
१७ ऑगस्ट १८४९. ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे यांचा करार होतो. भागधारकांना ५ टक्के व्याजाची हमी, जमीन फुकट. कमाई अपुरी पडली तर तूट सरकारी तिजोरी भरणार, म्हणजे सारा भरणारी रयत. पुढच्या अनर्थाचे बी याच कलमात आहे.

११ वर्षे ६ महिने आधी
२४ जानेवारी १८५६. ठेकेदार विल्यम फेव्हिएल घाटात काम सुरू करतो. लोणावळ्यापर्यंत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, ८ मोठे पूल. खर्चावर नजर ठेवायला सरकारचे सल्लागार अभियंते आहेत.

८ वर्षे ६ महिने आधी
जानेवारी १८५९. मजुरी थकल्यामुळे मजूर खवळून उठतात. कोटीभर रुपयांच्या कामात घाम गाळणाऱ्याच्याच हाती दमडी नाही! इशारा इथेच मिळाला होता. फेव्हिएल ठेका सोडतो. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी आजाराने दगावतो आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस काम पुढे नेते.

६ वर्षे आधी
१८६१. घाटात एका वेळी ४२,००० माणसे राबत आहेत.

४ वर्षे ३ महिने आधी
२१ एप्रिल १८६३. गव्हर्नर बार्टल फ्रिअर घाटमार्गाचे उद्घाटन करतात. खर्च सुमारे ११ लाख पौंड, तेव्हाचे एक कोटीहून अधिक रुपये.

शून्य
१९ जुलै १८६७, ऐन पावसाळा. इंग्रजी कागदांत ‘मौ की मल्ली’ म्हणून नोंदलेला, पन्नास-पन्नास फुटांच्या आठ कमानींचा दगडी पूल कोसळतो. चार पावसाळे त्याने कसेबसे काढले होते.

त्यानंतर
तपासणीत कंपनीच्या इतर अनेक पुलांचे दगडकामही कच्चे निघते. १८७२ मध्ये हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी ब्रिटिश संसदेच्या समितीला सांगतात की, हमी मिळालेल्या भागधारकाचा पैसा हुगळीत फेकला काय किंवा विटा-चुन्यात घातला काय, त्याला सारखेच होते.

मॅसींनी रोगाचे मूळ नेमके दाखवले. तिजोरीतला पैसा चोरीला जायला चोर लागतोच असे नाही. नुकसान झाल्यास ते दुसऱ्यानेच सोसायचे असे लिहून ठेवलेला करार पुरतो. पूल पडला, तरी ५ टक्के व्याजाची हमी जागची हलली नाही. कच्च्या दगडकामाची किंमत रयतेच्याच साऱ्यातून गेली.