फोक्सवॅगन ॲमिओ चषक

फोक्सवॅगन ॲमिओ चषक ही २०१७ साली भारतात सुरू झालेली, एकाच बनावटीच्या टूरिंग मोटारींची शर्यतमालिका होय. फोक्सवॅगन मोटरस्पोर्ट इंडिया या संस्थेने ती भरवली. पुणे जिल्ह्यातील चाकण येथील कारखान्यात तयार होणाऱ्या ॲमिओ या प्रवासी मोटारीवर आधारलेली शर्यतीची मोटार या मालिकेत सर्व स्पर्धकांना दिली जात असे. पोलो चषक, पोलो आर चषक आणि व्हेंटो चषक या आधीच्या मालिकांची ती उत्तराधिकारी होती. मोटार महाराष्ट्रात घडवायची आणि शर्यत मात्र तमिळनाडूत किंवा दिल्लीजवळ धावायची, हे या मालिकेचे एक ठळक वैशिष्ट्य होते.

संकल्पना

रस्त्यावर चालणाऱ्या प्रवासी मोटारीत फेरफार करून बंदिस्त सर्किटवर ज्या शर्यती होतात, त्यांना टूरिंग कार शर्यती म्हणतात. अशा शर्यतींत निरनिराळ्या कंपन्यांच्या मोटारी उतरल्या, तर विजय चालकाचा की मोटारीचा हे ठरवणे कठीण जाते. ज्याच्यापाशी अधिक पैसा, त्याची मोटार अधिक वेगवान, असे अनेकदा घडते. यावर उपाय म्हणून सर्वांना एकाच बनावटीची, एकाच क्षमतेची मोटार देण्याची पद्धत रूढ झाली.

फ्रान्समध्ये १९६६ साली सुरू झालेला रेनॉ ८ गोर्दिनी चषक हा या पद्धतीचा आरंभीचा नमुना मानला जातो. जर्मनीत फोक्सवॅगनने १९७६ साली शिरोको मोटारींची कनिष्ठ गटाची मालिका भरवली. तिचा विजेता मानफ्रेड विंकेलहॉक पुढे १९८२ साली फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचला. नव्या चालकांना हेरण्याचे आणि घडवण्याचे साधन म्हणून अशा मालिकांकडे तेव्हापासून पाहिले जाऊ लागले.

भारतात या विचाराची पायाभरणी कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी केली. मारुतीचे इंजिन वापरून त्यांनी १९८८ च्या सुमारास फॉर्म्युला मारुती ही एकआसनी मोटार तयार केली. ती टूरिंग मोटार नव्हती. पण कमी खर्चात सर्वांना सारखे वाहन देण्याचे तत्त्व तेच होते. भारताचे पहिले फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन यांनी आपल्या कारकिर्दीचा आरंभ याच मोटारीने केला.

पूर्वपीठिका

फोक्सवॅगनच्या चाकण येथील कारखान्याचे उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झाले. तेथे तयार होणारी पोलो ही मोटार २०१० मध्ये बाजारात आली आणि त्याच वर्षी पोलो चषकास प्रारंभ झाला. त्यानंतरच्या मालिकांचा क्रम पुढीलप्रमाणे आहे :

२०१० – पोलो चषक : १.६ लिटर डिझेल इंजिन, १३० अश्वशक्ती
२०१२ – पोलो आर चषक : १.४ लिटर पेट्रोल इंजिन, १८० अश्वशक्ती
२०१५ – व्हेंटो चषक : १.४ लिटर पेट्रोल इंजिन, १८० अश्वशक्ती
२०१७ – ॲमिओ चषक : १.८ लिटर पेट्रोल इंजिन, २०५ अश्वशक्ती

डिझेल इंजिन ही अवजड वाहनांची आणि काटकसरीची गोष्ट, असा सर्वसाधारण समज असताना पोलो चषकाने तेच इंजिन शर्यतीत आणले, ही त्या काळी नवलाची बाब होती.

मोटार

ॲमिओ ही खास भारतीय बाजारासाठी आखलेली मोटार होती. तिचे अनावरण फेब्रुवारी २०१६ मध्ये झाले. ‘प्रेम करणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तिचे नाव घेतले होते. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींना भारतात करसवलत मिळते. त्यासाठी तिची लांबी ३,९९५ मिलिमीटर इतकी बेताची ठेवण्यात आली आणि मागील सामानकक्ष आखूड करण्यात आला. रस्त्यावरील ॲमिओला आरंभी १.२ लिटरचे, ७५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते, पुढे १.५ लिटरचे डिझेल इंजिनही उपलब्ध झाले.

शर्यतीच्या ॲमिओला अर्थातच करसवलतीच्या मर्यादा लागू नव्हत्या. तिच्यात टर्बोचार्जर असलेले १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन बसवले होते. म्हणजे रस्त्यावरील पेट्रोल ॲमिओच्या अडीचपटीहून अधिक शक्ती तिला मिळाली. गिअर बदलण्यासाठी सिक्वेन्शियल गिअरबॉक्स होता आणि त्याच्या पट्ट्या सुकाणूचक्रामागे असल्याने हात न काढता गिअर बदलता येत. आतील आसने, गालिचे, आच्छादने काढून टाकून वजन घटवले जाई. त्याच जागी पोलादी नळ्यांचा पिंजरा जोडला जाई. मोटार उलटली किंवा धडकली, तरी चालकाभोवतीची जागा चेपू नये, हा त्याचा हेतू. चालकासाठी एकच आसन, अनेक पट्ट्यांचा सुरक्षापट्टा आणि अग्निरोधक पोशाख आवश्यक असे.

ही मोटार फोक्सवॅगन मोटरस्पोर्ट इंडियाने भारतातच आखली व बांधली, ही तिची मोठी ओळख. ॲमिओ चषकाच्या काळात या संस्थेचे प्रमुख शिरीष विस्सा होते.

शर्यतींचे स्वरूप

भारतातील मोटारशर्यतींचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते. शर्यतीत उतरण्यासाठी तिचा परवाना लागतो. रस्त्यावर वाहन चालवण्याचा परवाना पुरेसा नसतो. ॲमिओ चषकात स्पर्धकाने शुल्क भरून यावे आणि संस्थेने सज्ज ठेवलेली मोटार चालवावी, अशी व्यवस्था होती. देखभाल, दुरुस्ती व वाहतूक संस्थेकडे असल्याने स्पर्धकाला स्वतःचा चमू बाळगावा लागत नसे.

एका हंगामात अनेक फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत एकाहून अधिक शर्यती होत. आधी सराव, मग पात्रता आणि शेवटी शर्यत हा क्रम असे. पात्रतेतील वेळेनुसार आरंभस्थान ठरते, स्थानानुसार गुण मिळतात आणि हंगामाअखेर ज्याच्या गुणांची बेरीज सर्वाधिक, तो विजेता ठरतो. त्यामुळे एखादी शर्यत जिंकण्यापेक्षा प्रत्येक शर्यत पूर्ण करण्याला महत्त्व येते.

मोटारी सारख्या असल्या, म्हणजे शर्यत सोपी होते असे नाही. सरळ रस्त्यावर कोणीही कोणाला सहज मागे टाकू शकत नाही. पुढच्या मोटारीच्या मागे हवेचा विरोध कमी असतो. तेथे चिकटून राहायचे आणि वळणाआधी ब्रेक किंचित उशिरा दाबून आत शिरायचे, हाच मार्ग उरतो. टायर लवकर झिजवणारा चालक शेवटच्या फेऱ्यांत मागे पडतो. अंतरे सेकंदाच्या अंशांत मोजली जातात आणि मोटारी एकमेकींना घासण्याचे प्रसंगही येतात. मोटारीला दोष देण्याची सोय नसल्याने हरलेल्या चालकाला स्वतःची चूक शोधावीच लागते. प्रशिक्षणाच्या दृष्टीने या प्रकाराचे मोल यातच आहे.

सर्किट

कारी मोटर स्पीडवे, कोइमतूर : २००३ साली सुरू झालेले हे सर्किट करिवर्धन यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचे १९९५ मध्ये विमान अपघातात निधन झाले होते. लांबी दोन किलोमीटरहून किंचित अधिक. वळणे जवळजवळ असल्याने पुढे जाण्यास जागा कमी मिळते.

मद्रास मोटर रेस ट्रॅक, इरुंगाट्टुकोट्टै : चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर परिसरातील हे सर्किट १९९० मध्ये सुरू झाले. लांबी सुमारे ३.७ किलोमीटर. ते मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या मालकीचे आहे. त्याआधी शर्यती शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर होत असत.

बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, ग्रेटर नोएडा : लांबी ५.१२५ किलोमीटर. येथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनची भारतीय ग्रांप्री झाली. लांबलचक सरळ पट्ट्यामुळे पाठोपाठ धावणाऱ्या मोटारींना येथे पुढे जाण्याची संधी मिळते.

महाराष्ट्राशी संबंध

मोटार, तिचे अभियंते आणि संस्थेचे काम पुणे-चाकण परिसरात असले, तरी वरील तिन्ही सर्किट चाकणपासून हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर आहेत. मुंबईत पूर्वी जुहूच्या विमानतळावर मोटारशर्यती होत असत. पण कोइमतूर किंवा चेन्नईप्रमाणे शर्यतींची अखंड परंपरा राज्यात रुजली नाही. महाराष्ट्रातील चालकाला सरावासाठीही दूरचा प्रवास व मुक्काम यांचा खर्च सोसावा लागतो. मोटार सर्वांना सारखी मिळाली, तरी सरावाची संधी सारखी मिळत नाही, ही या पद्धतीची मर्यादा येथे दिसून येते.

असे असूनही राज्यातील चालकांनी या मालिकांत भाग घेतला. मुंबईचे राहिल नूरानी पोलोच्या मालिकेत, तर कोल्हापूरचे ध्रुव मोहिते ॲमिओच्या मालिकेत धावले. कोल्हापुरात मोटारशर्यतींची आवड जुनी असून तेथील मोहिते रेसिंग हा चमू राष्ट्रीय पातळीवरील एकआसनी मोटारींच्या शर्यतींत उतरत आला आहे.

सुरक्षितता

पिंजरा, पट्टे आणि प्रशिक्षित वैद्यकीय पथक असूनही सर्किटवरील धोका पूर्णपणे टळत नाही. मद्रास मोटर रेस ट्रॅकवर जानेवारी २०२३ मध्ये सलून मोटारींच्या एका शर्यतीत ज्येष्ठ चालक के. ई. कुमार यांचा अपघाती मृत्यू झाला. ती शर्यत ॲमिओ चषकाची नव्हती; तथापि टूरिंग प्रकारातील जोखीम त्या घटनेने अधोरेखित केली. सर्किटवर समोरून वाहन येत नाही, पादचारी नसतात आणि धोक्याची सूचना देणारे ध्वजधारी जागोजागी उभे असतात. घाटात किंवा महामार्गावर यांपैकी काहीही नसते. म्हणूनच वेगाची हौस सर्किटवरच भागवावी, असे या क्रीडाप्रकाराचे प्रशिक्षक सांगतात.

समाप्ती

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणविषयक मानके लागू झाली आणि त्या वर्षी ॲमिओचे उत्पादन थांबले. रस्त्यावरील मोटार बंद झाली, की तिच्या नावाची मालिका चालवण्यात कंपनीला व्यावसायिक हित उरत नाही. पुढे फोक्सवॅगनच्या शर्यतींत पुन्हा पोलोवर आधारलेली मोटार आली. पोलोचे भारतातील उत्पादनही २०२२ मध्ये संपले. एकाच बनावटीच्या मालिकांचे आयुष्य असे त्या मोटारीच्या बाजारातील आयुष्याशी बांधलेले असते. मात्र त्यांतून तयार झालेले चालक व तंत्रज्ञ पुढील मालिकांना उपयोगी पडतात, आणि ॲमिओ चषकाच्या रूपाने शर्यतीची मोटार देशातच आखून बांधण्याचा अनुभव चाकणच्या पदरी जमा झाला.