अतिचंचल मुले : दोष कुणाचा?

वेरूळची लेणी पाहायला हिवाळ्यात शाळांच्या सहली येतात. प्रत्येक सहलीत रांग मोडणारा, माहिती सांगणाऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधी दुसऱ्याच खांबाआड पोचलेला एखादा मुलगा असतोच. अशा मुलासाठी आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही : वांड, द्वाड, व्रात्य, उनाड. मागोमाग निवाडाही येतो, ‘आईने वळण लावले नाही.’

सगळ्याच खोडकर मुलांना काही विकार नसतो. पण काहींची अस्थिरता घरी, शाळेत, सगळीकडे दिसते, वर्षानुवर्षे टिकते आणि शिक्षणाच्या आड येते. वैद्यक तिला ‘एडीएचडी’ म्हणते. म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता. यात दोष कुणाचा, या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

१९०२ साली लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी व्याख्यानांतून अशा मुलांचे वर्णन केले. बुद्धी चांगली, काहींचे घरही चांगले, तरी स्वतःला आवरता येत नाही. स्टिल यांनी याला नैतिक नियंत्रणातील दोष म्हटले. नाव कठोर होते, पण मूळ शरीरात असावे असा त्यांचा तर्क होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेंदूज्वराची एक साथ आली. त्यातून वाचलेल्या काही मुलांत अशीच चंचलता दिसली, आणि मेंदूला सूक्ष्म इजा झाली असावी, हा विचार पुढे आला. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना नवल दिसले : उत्तेजक औषधाने काही मुले चक्क शांत झाली. आजचे नाव १९८७ साली रूढ झाले.

मग वळण लावण्याचा प्रश्न कुठे राहिला? त्याचे उत्तर जुळ्या मुलांनी दिले. एकाच घरात वाढलेल्या जुळ्यांतही, हुबेहूब जुळ्यांमध्ये हे साम्य साध्या जुळ्यांपेक्षा खूपच जास्त आढळले. अशा अनेक अभ्यासांवरून, मुलामुलांतील या फरकाचा सुमारे ७४ टक्के भाग जनुकांशी निगडित असल्याचे दिसते. मात्र ‘चंचलतेचे जनुक’ असे एकच काही नाही. २०१९ साली वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या तपासणीतून जनुकसंचातील १२ जागा सापडल्या. २०२३ पर्यंत त्या २७ झाल्या. प्रत्येकीचा वाटा अगदी अल्प. त्यांच्याशी संबंधित अनेक जनुके मेंदूच्या सुरुवातीच्या घडणीत काम करतात.

ही घडण समजायला कैलास लेणे आठवावे. शिल्पींनी डोंगराच्या माथ्यापासून खाली दगड काढत देऊळ घडवले. मेंदूचेही काहीसे तसेच. बालपणी त्याचे बाह्य आवरण जाड होते, नंतर अनावश्यक जोडण्या छाटल्या जाऊन ते पातळ होते. २००७ साली फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी एमआरआयवरून दाखवले, की इतर मुलांत ही जाडी सरासरी साडेसातव्या वर्षी कमाल होते, तर अतिचंचल मुलांत साडेदहाव्या. क्रम तोच, फक्त उशीर.

त्याच वर्षी शॉ यांनी डोपामिन या मेंदूतील रसायनाशी संबंधित एका जनुकाचा अभ्यास मांडला. त्याचा विशिष्ट प्रकार असलेल्या मुलांत लक्ष देण्याशी संबंधित भाग पातळ होते. पण त्या प्रकाराच्या अतिचंचल मुलांतच पुढे सुधारणा अधिक दिसली आणि त्यातला एक भाग वयाबरोबर सर्वसाधारण झाला. जनुक म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे, हे यावरून कळते.

२०१७ साली तीन हजारांहून अधिक लोकांच्या मेंदूंची तुलना झाली. एडीएचडी असलेल्यांत मेंदूतील काही केंद्रे किंचित लहान आढळली. फरक मुलांत अधिक होता. तो इतका थोडा, की एकट्या मुलाचे स्कॅन किंवा रक्त तपासून निदान होत नाही. निदान होते ते आईवडील आणि शिक्षकांशी बोलून, मुलाला नीट पाहून.

आपल्याकडे या प्रश्नाला सरकारी मान्यता हळूहळू मिळते आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन-अक्षमता आली, एडीएचडी स्वतंत्रपणे आली नाही. म्हणून अशा मुलाची भिस्त आजही वर्गातल्या गुरुजींवर आणि बाईंवर फार आहे. पुढचा बाक, छोट्या तुकड्यांत दिलेले काम आणि वेळेवर बालमनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणे, एवढे त्यांच्या हाती नक्की आहे. छडीने मेंदूची वाढ लवकर होत नाही, आणि आईला बोल लावूनही नाही.