जुन्या मोटारीच्या ‘एबीएस’ ब्रेकमधील हवा : घरी काढता येते, पण कुठवर?

धुळे - मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि धुळे-सोलापूर हे तीन महामार्ग धुळ्यात एकत्र येतात. शहर सोडताच लळिंगचा घाट, शिरपूरच्या पुढे मध्य प्रदेशच्या हद्दीवर बिजासन घाट आणि चाळीसगावमार्गे गेल्यास कन्नड घाट अशा उतारांशी वाहनचालकांची गाठ पडते. ब्रेकने दगा दिल्यास काय होते, हे जिल्ह्याने ४ जुलै २०२३ रोजी पाहिले. शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडका देत रस्त्यालगतच्या हॉटेलात घुसला आणि किमान १० जणांचा बळी गेला. अवजड वाहनांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात; मोटारीच्या ब्रेकमध्ये मात्र हवा हाच शत्रू ठरतो.

हवा का घातक?

मोटारीत पेडलचा दाब ब्रेक ऑइलमार्फत चाकांपर्यंत पोहोचतो. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नळीत हवा शिरली की पेडल मऊ लागते, खोल जाते आणि दोन-तीनदा मारल्यावरच ब्रेक लागतो. यालाच गॅरेजच्या भाषेत ‘ब्रेकने हवा धरली’ असे म्हणतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावाही शोषून घेते. नवे डॉट-४ प्रतीचे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात सतत ब्रेक दाबल्याने ऑइल तापून त्यात वाफ झाली, तर परिणाम हवेसारखाच होतो. म्हणूनच साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलण्याची शिफारस केली जाते.

‘एबीएस’मुळे काय बदलते?

जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊन गाडी घसरू नये, यासाठी ‘एबीएस’ असते. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९७८ मध्ये ही यंत्रणा मर्सिडीजच्या मोटारींत आणली. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. त्याआधी ती बहुधा महागड्या मॉडेलमध्येच मिळे. जुन्या बाजारात फिरणाऱ्या अशा मोटारींचाच हा प्रश्न आहे.

मास्टर सिलिंडर आणि चाके यांच्या मध्ये ‘एबीएस’चे हायड्रॉलिक युनिट असते. त्यात प्रत्येक चाकासाठी दोन व्हॉल्व्ह, एक पंप आणि ऑइल साठवणारे छोटे कप्पे असतात. एक व्हॉल्व्ह एरवी उघडा असतो, त्यातून ऑइल थेट चाकाकडे जाते. दुसरा बंद असतो आणि ‘एबीएस’ कार्यरत झाल्यावरच उघडतो. त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने उघड्या मार्गातील हवा निघते. बंद व्हॉल्व्हमागे अडकलेली हवा तशीच राहते. पेडल कडक लागते, पण ऐन प्रसंगी ‘एबीएस’ सुरू होताच ती हवा बाहेर पडून पेडल मऊ होऊ शकते.

घरी करता येण्याजोगे काम

ऑइल बदलताना किंवा चाकाजवळची नळी, कॅलिपर काढल्याने हवा शिरली असेल आणि टाकी एकदाही रिकामी झालेली नसेल, तर हे काम घरी करता येते. त्यासाठी दोन माणसे लागतात. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीच्या ऑइलची सीलबंद बाटली, निपलला नेमका बसणारा रिंग पाना, पारदर्शक नळी, काचेची बाटली, जॅक आणि भक्कम स्टँड जवळ ठेवावेत. गाडी सपाट जागी उभी करून जमिनीवरील चाकांना ठोकळे लावावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. चावी बंद ठेवावी.

गंजलेल्या निपलवर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारावे. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेनुसार ठेवावा. पुस्तिका नसल्यास मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा. नळीचे एक टोक निपलवर व दुसरे बाटलीतील थोड्या ऑइलमध्ये बुडवावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करून ऑइल व बुडबुडे बाहेर येऊ द्यावेत आणि निपल घट्ट केल्यावरच पेडल सोडण्यास सांगावे. बुडबुडे थांबेपर्यंत ही क्रिया करावी.

जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत नेऊ नये. सिलिंडरच्या न वापरलेल्या भागातील गंजामुळे आतील रबर फाटते. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवणे हा सोपा उपाय. टाकीतील पातळी दर चार-पाच वेळांनी पाहावी. बाहेर आलेले ऑइल पुन्हा वापरू नये. ते रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे, डोळ्यांना चष्मा लावावा. इंजिन ऑइल वा डिझेल चुकूनही घालू नये. त्याने सर्व रबरी भाग फुगतात.

कुठे थांबावे?

टाकी कोरडी पडली असेल, मास्टर सिलिंडर किंवा हायड्रॉलिक युनिट बदलले असेल, तर ‘एबीएस’चा पंप व व्हॉल्व्ह चालवू शकणारा स्कॅनर लागतो. केवळ इंजिनचे दोष वाचणारे स्वस्त यंत्र त्यासाठी उपयोगी नाही. दोन फेऱ्यांनंतरही पेडल मऊ राहिल्यास गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, टोचन करूनही नव्हे. ती उचलून न्यावी. काही जुन्या विदेशी मोटारींत ऑइल अतिशय उच्च दाबाखाली साठवलेले असते. त्यांना घरी हात न लावलेलाच बरा.

अखेरची तपासणी

इंजिन बंद असताना पेडल कडक लागले पाहिजे. ते अर्धा मिनिट दाबून धरले असता हळूहळू खाली जाता कामा नये. इंजिन सुरू करताच पेडल किंचित खाली जाऊन स्थिरावते, हे योग्य लक्षण आहे. ‘एबीएस’चा दिवा काही क्षणांत विझला पाहिजे. चारही निपल कोरडे असल्याची खात्री करावी. त्यानंतर मोकळ्या मैदानात माणसाच्या चालीने ब्रेक तपासावेत. ते पक्के लागल्यावरच ताशी २०-३० किलोमीटर वेगाने मुरमाड जमिनीवर जोरात ब्रेक लावून ‘एबीएस’ कार्यरत करावे आणि पेडल पुन्हा पाहावे. ते आधीपेक्षा मऊ लागले, तर युनिटमध्ये हवा शिल्लक आहे असे समजावे आणि त्या दिवशी घाटाचा रस्ता धरू नये.